शाहूनगरच्या हॅम्लेटचे परीक्षक

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठी रंगभूमीवर शेक्सपिअर अवतरला, तेव्हा त्याच्यासमोर दोन तऱ्हांचे प्रेक्षक बसत. बहुतेकांना शेक्सपिअर कोण याचा पत्ता नव्हता. थोड्यांना मात्र तो जवळजवळ पाठ होता. 1857 साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि पुढच्या दोन-अडीच दशकांत कॉलेजातून बाहेर पडलेल्या पिढीने हॅम्लेट, ऑथेल्लो अभ्यासक्रमात वाचले, परीक्षेत लिहिले आणि पुढे जन्मभर मिरवले. मराठी शेक्सपिअरचे बरेवाईट ठरवायला बसली ती ही मंडळी. सातारा आणि सांगली या भागांतून या नाटकांचे काही महत्त्वाचे कर्ते निघाले, त्यामुळे हा वाद इथल्या माणसांच्या आधारे चांगला समजतो.

खरे तर परक्या भाषेतला नाट्यप्रकार उचलून आपल्या भाषेत रुजवण्याची सुरुवात सांगलीतच झाली होती. उत्तर कानड्यातल्या कर्कीहून आलेल्या भागवत मंडळींचा खेळ पाहून सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांनी विष्णुदास भावे यांना तसे काही मराठीत करायला सांगितले आणि 1843 साली ‘सीता स्वयंवर’ उभे राहिले. त्यावर ‘मुळासारखे नाही’ अशी तक्रार मात्र गाजली नाही. पुढे भावे ज्या पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकांपुढे गेले, त्यांनी कानडी मूळ पाहिलेलेच नव्हते. तुलना करायला मूळ डोळ्यांपुढे असावे लागते. शेक्सपिअरच्या बाबतीत ते होते, आणि तेही राज्यकर्त्यांच्या भाषेतले.

महादेवशास्त्री कोल्हटकरांनी 1867 मध्ये ‘ऑथेल्लो’ मराठीत आणले. त्यानंतर भाषांतरांची रीघ लागली. त्यांतले सर्वांत गाजलेले नाव कराडजवळच्या टेंभूत जन्मलेल्या गोपाळ गणेश आगरकरांचे. कोल्हापूरच्या दिवाणांच्या बदनामीच्या खटल्यात 1882 साली टिळकांबरोबर ते डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस होते. त्या काळात हाती घेतलेले ‘हॅम्लेट’ 1883 मध्ये ‘विकारविलसित’ या नावाने प्रसिद्ध झाले. राजपुत्र हॅम्लेटचा चंद्रसेन झाला, पण कथानक, प्रसंग आणि स्वगते आगरकरांनी बऱ्यापैकी मुळाबरहुकूम ठेवली. नावे देशी आणि गाभा परका, असा हा मधला मार्ग होता.

मधल्या मार्गाला दोन्हीकडून टोले बसतात. इंग्रजी जाणणाऱ्याला मुळातल्या निर्यमक पद्याचा ठेका मराठी गद्यात सापडत नाही. न जाणणाऱ्याला नावे आपली वाटतात, पण माणसे आपल्यासारखी वागत नाहीत. कबर खणणाऱ्यांचा प्रवेश घ्या. जिथे प्रेत जाळतात तिथे राजपुत्र विदूषकाची कवटी हातात धरून बोलतो, हे कसे पटवायचे? नायकाचा शेवटी मृत्यू होणे हेही संस्कृत नाटकांवर पोसलेल्या रुचीला जड जाणारे होते. हॅम्लेटचा सगळा संताप आईच्या पुनर्विवाहाने पेटतो, हे तर आणखीच गुंतागुंतीचे. मुळात दिराशी लग्न हे पाप, म्हणून तो संताप. पण विधवाविवाहाचा कायदा 1856 मध्ये होऊनही समाज त्याला बधत नव्हता, त्या काळच्या महाराष्ट्रात सनातनी प्रेक्षकाला राणीचे दुसरे लग्न एवढेच पुरे होते. विधवाविवाहाचा कैवार घेणाऱ्या आगरकरांनीच हे नाटक मराठीत आणावे, यातली गंमत तत्कालीन वाचकाच्या नजरेतून सुटली असेल असे वाटत नाही.

‘विकारविलसित’ छापील पानांत अडकून पडले नाही, याचे श्रेय एका नाटक मंडळीला जाते. साताऱ्याचे जुने नाव शाहूनगर. 1881 साली तिथे निघालेल्या शाहूनगरवासी नाटक मंडळीत गणपतराव जोशी चंद्रसेन करत, आणि बाळाभाऊ जोग स्त्रीभूमिका करत. संगीत नाटकांनी मराठी प्रेक्षक वेडा करून सोडला होता, त्या काळात ही मंडळी गद्य नाटकांच्या जोरावर टिकली. गणपतरावांना ‘महाराष्ट्राचे गॅरिक’ म्हणत. ही पदवी गौरवाचीच, पण इथेही मापाची पट्टी इंग्रजी रंगभूमीचीच आहे.

सांगलीशेजारच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांनी वेगळी वाट धरली. 1890 च्या ‘झुंझारराव’मध्ये त्यांनी ऑथेल्लोला मराठमोळ्या सरदारी वातावरणात आणून बसवले. डेस्डिमोना कमळजा झाली आणि संवाद बोलीच्या वळणावर गेले. वासुदेव बाळकृष्ण केळकरांनी ‘टेमिंग ऑफ द श्रू’चे ‘त्राटिका’ केले. केळकर इंग्रजीचे प्राध्यापक, म्हणजे मूळ ज्यांना सर्वांत जवळून ठाऊक त्यांच्यापैकी एक, पण बदल करताना त्यांचा हात आखडला नाही. निष्ठावंतांच्या दृष्टीने ही नाटके मुळापासून अधिक दूरची, म्हणून अधिक सदोष ठरायला हवी होती. घडले उलटे. गणपतरावांचा झुंझारराव आणि जोगांची त्राटिका यांची नावे पुढच्या पिढ्यांच्या तोंडी राहिली, आणि मुळाला इमानाने चिकटलेली कितीतरी भाषांतरे ग्रंथालयांच्या कपाटांत गेली. ‘विकारविलसित’ हा मोठा अपवाद, पण तो अपवाद घडवला नटाने.

देवलांची आणखी एक गोष्ट या वादाला धरून आहे. ‘संशयकल्लोळ’चे मूळ मोलिएरच्या फ्रेंच प्रहसनात आहे, पण देवलांच्या हाती ते आले आर्थर मर्फीच्या इंग्रजी नाटकातून. 1893 च्या ‘फाल्गुनराव’ या गद्य नाटकाला पुढे गाणी जोडली गेली आणि 1916 मध्ये ते ‘संगीत संशयकल्लोळ’ म्हणून रंगभूमीवर आले. फ्रेंच मूळ ठाऊक असलेला प्रेक्षक महाराष्ट्रात जवळजवळ नव्हता, त्यामुळे ‘मोलिएर बिघडवला’ असे म्हणायला कोणी उभे राहिले नाही. फाल्गुनराव सरळ मराठी माणूस ठरला.

इंग्रजांनीही हे मराठी शेक्सपिअर पाहिले. विष्णु मोरेश्वर महाजनी यांनी ‘सिंबेलीन’वरून केलेल्या ‘तारा’चा बडोद्यातला प्रयोग तिथल्या कॉलेजातले इंग्रजीचे प्राध्यापक हॅरॉल्ड लिटलडेल यांनी पाहिला आणि 1880 मध्ये विलायतेतल्या ‘मॅकमिलन्स मॅगझीन’मध्ये त्यावर लेख लिहिला. लिटलडेल स्वतः एलिझाबेथकालीन नाटकांचे अभ्यासक होते. स्त्रीभूमिका पुरुषांनी करणे आणि देखाव्यांचा फारसा बडेजाव नसणे, या गोष्टी शेक्सपिअरच्या स्वतःच्या काळातही होत्या. मूळ पक्के ठाऊक असलेल्याला अनुकृतीत दोषच दिसतात असे नाही, कधी मुळाचीच जुनी खूण तिथे सापडते.

असाच वाद सध्या एका अगदी निराळ्या प्रांतात चालू आहे. व्हिज्युअल नॉव्हेल म्हणजे पडद्यावर चित्रे, संगीत आणि मजकूर यांच्या साहाय्याने वाचायची, अधूनमधून वाचकालाच वाट निवडायला लावणारी कथा. 1990 च्या दशकात जपानमध्ये हा प्रकार बहरला आणि ‘फेट/स्टे नाइट’ (2004), ‘स्टाइन्स;गेट’ (2009) अशा कलाकृतींनी त्याला जगभर चाहते मिळवून दिले. मग इंग्रजीत थेट लिहिलेली व्हिज्युअल नॉव्हेल निघू लागली, तेव्हा जुन्या चाहत्यांनी नाके मुरडली. लांबी कमी, चित्रे कच्ची आणि जपानी शाळांची उसनी पार्श्वभूमी, हे नेहमीचे आक्षेप. 2012 चे ‘काटावा शोजो’ तर जपानी शाळेतच घडते, पण त्याने बऱ्याच संशयी वाचकांना जिंकले. 2017 च्या ‘डोकी डोकी लिटरेचर क्लब’ने या प्रकाराचे ठरीव संकेतच उलटवले आणि त्यामुळे तो अनुकरणाच्या आरोपातून बराचसा सुटला. यातली मेख अशी की मुळाचा आग्रह धरणारे यांतले पुष्कळ जण जपानी कथाही इंग्रजी भाषांतरातच वाचतात. त्यांचे ‘मूळ’ देवलांच्या मोलिएरइतकेच दुसऱ्या हातचे.

मराठीत पुढचे पाऊल सांगलीच्याच कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी टाकले. 1893 च्या सुमारास लिहिलेल्या ‘सवाई माधवरावांचा मृत्यू’मध्ये हॅम्लेटची दोलायमान मनःस्थिती पेशव्याला आली आणि इयागोचा कपटीपणा केशवशास्त्र्याला. कथा मात्र शनिवारवाड्यातली. इथे भाषांतराची तुलना संपते आणि प्रभाव शोधण्याचे काम सुरू होते. समीक्षक ते अजून करतात, पण मूळ बिघडले अशी तक्रार करायला जागाच उरली नाही.

विसाव्या शतकात हा ताण सैल झाला, कारण दोन्ही वाटा शेजारी शेजारी चालू लागल्या. विंदा करंदीकरांनी 1974 मध्ये ‘राजा लिअर’ मुळाशी इमान राखून मराठीत आणले. वि. वा. शिरवाडकरांनी ‘ऑथेल्लो’ आणि ‘राजमुकुट’ ही रूपांतरे केलीच, शिवाय 1970 मध्ये ‘नटसम्राट’ लिहिले. त्यात लिअरचे दुःख एका निवृत्त मराठी नटाच्या घरात शिरते. हा नट, गणपतराव बेलवलकर, आयुष्यभर शेक्सपिअरचे नायक रंगवत आलेला आहे. ही भूमिका पहिल्यांदा केली साताऱ्यात जन्मलेल्या डॉ. श्रीराम लागूंनी. ‘नटसम्राट’ पाहताना लिअर आठवणारा प्रेक्षक आजही असतो, पण नाटक किती लिअरसारखे झाले यावर तो ते तोलत नाही. 2018 मध्ये नाना जोगांच्या भाषांतरातला ‘हॅम्लेट’ चंद्रकांत कुलकर्णींच्या दिग्दर्शनाखाली पुन्हा रंगभूमीवर आला. राजपुत्राचे नाव त्यात हॅम्लेटच होते, आणि त्याचा चंद्रसेन करण्याची गरज कोणाला भासली नाही.