मेळ्याची बातमी कोण लिहितो?

आज पिंपळीत आपण दोन महायुद्धांमधल्या मराठी वर्तमानपत्रांविषयी बोलणार आहोत. त्यातही मेळे आणि जलसे यांच्या बातम्यांविषयी. करमणुकीचा राजकारणाशी काय संबंध, असं कुणी विचारेल. तिथूनच सुरुवात करू.

१९२० साली मुंबई इलाख्यात नव्या कायद्याखाली कौन्सिलच्या निवडणुका झाल्या. मतदार थोडे होते, पण मराठा व तत्सम जातींसाठी सात जागा राखीव होत्या. म्हणजे बहुजनांचं मत आता मोजलं जाणार होतं. पण गावात वाचता येणारे किती? गाणं मात्र सगळ्यांना ऐकू येतं. म्हणून सत्यशोधकांनी तमाशाचा ढंग घेऊन जलसे उभे केले. सावकारी, भिक्षुकी, मुलांचं शिक्षण, हे त्यांचे विषय.

पुण्यात हेच गणेशोत्सवाच्या मेळ्यांत शिरलं. १९२२ च्या सुमारास केशवराव जेध्यांचा छत्रपती मेळा सुरू झाला. त्याची पदं दिनकरराव जवळकर लिहीत. त्यांत टिळकपक्षावर उघड टीका असे. आता बघा, मेळा एकच, पण बातम्या दोन. ब्राह्मणेतर पत्रांना तो लोकजागृती वाटे, तर विरोधकांना उत्सवातला धिंगाणा. 'केसरी' एका बाजूला, श्रीपतराव शिंद्यांचा 'विजयी मराठा' दुसऱ्या बाजूला. आणि सगळं पुण्यातच छापलं जात होतं असंही नाही. मुकुंदराव पाटलांचं 'दीनमित्र' नगर जिल्ह्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून निघायचं!

पुढं १९२५ मध्ये जोतीराव फुल्यांच्या पुतळ्यावरून पुण्यात वाद पेटला. जवळकरांनी 'देशाचे दुश्मन' ही पुस्तिका लिहिली. भाषा जहाल होती, त्यात शंका नाही. खटला झाला, शिक्षा झाली. अपिलात डॉ. आंबेडकर वकील म्हणून उभे राहिले आणि १९२६ मध्ये आरोपी सुटले. गाण्यातलं भांडण असं कोर्टापर्यंत गेलं.

आता दुसरी बाजू. जे छापलंच जात नाही, त्याचं काय? १९२० मध्ये आंबेडकरांचं 'मूकनायक' निघालं, तेव्हा पैसे देऊनही 'केसरी'नं त्याची जाहिरात घेतली नाही. हे पुढं बाबासाहेबांनी स्वतःच लिहून ठेवलं. ज्याच्या हाती छापखाना, त्याच्या हाती नोंद. म्हणूनच तर त्यांना आपलं पत्र काढावं लागलं.

तेव्हा जुना अंक हाती आला की नुसती बातमी वाचून थांबू नका. हा अंक कुणाचा, त्याचे वर्गणीदार कोण, हे विचारा. त्याच आठवड्याचं विरुद्ध बाजूचं पत्र मिळालं तर शेजारी ठेवून वाचा. आणि आपल्या घरात आजोबा-पणजोबांच्या वहीत मेळ्याची, जलशाची पदं असतील, तर ती रद्दीत घालू नका. वर्तमानपत्रानं जे सोडलं, ते कदाचित तिथंच सापडेल.

आता तुमचे प्रश्न घेऊ.