जुना लॅपटॉप, नवा व्हिडिओ: आधी निदान, मग खर्च

लग्नाचे चित्रीकरण आटोपले, वऱ्हाडी घरी गेले आणि आठ दिवसांत व्हिडिओ देण्याचा शब्द दिलेला आहे. टेबलावर सात-आठ वर्षांपूर्वीचा लॅपटॉप. क्लिप टाइमलाइनवर ठेवली की चित्र अडखळते, पंखा घोंघावतो आणि रात्री एक्सपोर्टला लावून झोपावे तर सकाळी पडदा गोठलेला! अशा वेळी नवा लॅपटॉप हप्त्यावर घेण्याचा विचार मनात येतोच. पण छोट्या कामांवर घर चालवणाऱ्याला तो हप्ता जड जातो. म्हणून आधी डॉक्टरांची रीत वापरावी: तपासणी करावी, मगच औषध घ्यावे.

नाडी कशी पाहायची?

विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातला ‘परफॉर्मन्स’ विभाग समोर ठेवून नेहमीचे एडिटिंग करा. डिस्क सतत १०० टक्क्यांवर असेल तर दुखणे हार्ड डिस्कचे. मेमरी ९० टक्क्यांच्या वर गेली तर रॅम अपुरी. प्रोसेसर १०० टक्क्यांवर असेल तर त्याच्यावरचे ओझे कमी करावे लागेल, कारण बहुतेक लॅपटॉपमध्ये तो बदलता येत नाही. आणि सुरुवातीला सगळे ठीक, पण दहा मिनिटांनी प्रोसेसरचा वेग घसरत असेल, तर हा उष्णतेचा त्रास आहे.

जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि वाचणारी सुई जागा शोधत हिंडते. तिचा वेग सेकंदाला साधारण १०० एमबी. एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसते. साध्या सॅटा एसएसडीचाही वेग ५०० एमबीच्या आसपास असतो. काढलेली हार्ड डिस्क फेकू नका. बाहेरच्या केसमध्ये बसवली की ती बॅकअपच्या कामी येते.

रॅम ८ जीबीवरून १६ जीबी केली तर फरक जाणवतो. मात्र डीडीआर ३ च्या खाचेत डीडीआर ४ बसत नाही आणि काही लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच पक्की जोडलेली असते. म्हणून सीताबर्डीतल्या दुकानात जाताना लॅपटॉप सोबत न्या, निदान मॉडेल क्रमांक तरी लिहून न्या. २०२५ च्या अखेरीस एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे जगभर मेमरीचे भाव चढले. त्यामुळे गरज नसताना रॅम घेणे परवडणारे नाही.

नागपूरचे ऊन आणि प्रोसेसर

उष्णता किती वेगाने बाहेर पडते, हे दोन तापमानांतल्या फरकावर ठरते. प्रोसेसर ९५ अंशांवर आणि खोली २५ अंशांवर असेल तर फरक ७० अंशांचा. नागपूरच्या मे महिन्यात खोली ४० अंशांवर गेली की तो ५५ वर येतो, म्हणजे उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता पाचव्या हिश्शाहून अधिक घटते. मग स्वतःला वाचवण्यासाठी प्रोसेसर वेग कमी करतो. पंख्यातली धूळ काढून थर्मल पेस्ट बदलणे हा यावरचा स्वस्त उपाय. गादीवर लॅपटॉप ठेवू नका, मोठे एक्सपोर्ट पहाटे लावा. कूलरचा गारवा खोलीला मिळू द्या, पण पाण्याचे तुषार येतील अशा जागी लॅपटॉप नको.

टचपॅड वर उचलला गेला किंवा झाकण नीट बसेनासे झाले, तर बॅटरी फुगली असण्याची शक्यता आहे. लगेच काम थांबवा, चार्जिंग बंद करा आणि ती दाबू किंवा टोचू नका. लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते. ती कुशल कारागिराकडूनच बदलून घ्या आणि जुनी कचऱ्यात टाकू नका.

बिनपैशाचा उपाय

४के चित्राच्या एका फ्रेममध्ये सुमारे ८३ लाख बिंदू असतात, फुल एचडीच्या चौपट. शिवाय व्हिडिओत प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. बहुतेक वेळा आधीच्या किंवा पुढच्या फ्रेमपेक्षा झालेला बदलच नोंदवलेला असतो. कात्री लावताना प्रोसेसरला ते चित्र पुन्हा जुळवावे लागते. म्हणून ‘प्रॉक्सी’ वापरावी: सॉफ्टवेअर मूळ क्लिपची हलकी प्रत बनवते, एडिटिंग त्या प्रतीवर होते आणि एक्सपोर्टच्या वेळी मूळ फाइल वापरली जाते. गुणवत्ता तसूभरही कमी होत नाही. केडेनलाइव्ह आणि शॉटकट या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आहे. फोनच्या कॅमेऱ्यात एच.२६५ ऐवजी एच.२६४ निवडले, तर जुन्या प्रोसेसरला आणखी हलके वाटते. फाइल मोठी होते, एवढेच.

तोकड्या साधनांत काम काढणे महाराष्ट्राला नवे नाही. मालेगावच्या नासिर शेख यांनी २००० च्या सुमारास ‘मालेगाव के शोले’ केला, तेव्हा संकलनासाठी त्यांच्या हाताशी व्हीसीआर होते. हाती असलेल्या यंत्राच्या मर्यादा ओळखून त्यांनी काम पुरे केले.

कुठे थांबायचे?

रॅम ४ जीबी आणि तीही पक्की जोडलेली, किंवा बोर्डातच बिघाड असेल, तर पैसे ओतू नका. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि अनेक जुने लॅपटॉप विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. अशा यंत्रावर लिनक्स टाकता येते. वरची दोन्ही सॉफ्टवेअर त्यावरही चालतात.

थोडक्यात क्रम असा: आधी प्रॉक्सी, मग सफाई, मग एसएसडी आणि शेवटी रॅम. प्रत्येक पायरीनंतर पुन्हा नाडी पाहा. दुखणे थांबले की तिथेच खर्च थांबवा. वाचलेल्या पैशातून एक चांगला माइक घ्या. गोठलेला पडदा फक्त तुम्ही पाहता, खरखरणारा आवाज मात्र सगळ्या वऱ्हाडाला ऐकू जातो.