‘ड्युको’ आणि आमच्या खाऱ्या वाऱ्याचा हिशेब

मालवण-कुडाळच्या गॅरेजांत गाडी रंगाला टाकली की पेंटर ‘ड्युको’ म्हणतो. हे अमेरिकेच्या ड्युपाँट कंपनीच्या रंगाचे नाव. पूर्वी मोटारीच्या बॉडीवर ब्रशने वार्निशचे थर देत, वाळायला आठवडे जात. फोर्डने तर 1914 ते 1925 मॉडेल-टी फक्त काळी विकली. 1923 मध्ये ड्युको आला. फवाऱ्याने मारा, काही तासांत कोरडा, रंगही मनपसंत. मुंबईत कुर्ल्याला प्रीमियरचा कारखाना 1947 साली निघाला, तो याच फवाऱ्याचा जमाना.

पण कारखान्यात खरी मेहनत रंगाआधीची. पत्र्याचे तेल काढायचे, फॉस्फेट द्यायचे, प्रायमर, लांबी, वॉटर पेपरची घिसाई. आम्हा कापडवाल्यांना हे नवे नाही; कोऱ्या कापडाची खळ काढल्याशिवाय रंग धरतच नाही.

फवारा मात्र दरवाजाच्या आतल्या कडेला नीट पोचत नसे. आमच्या किनाऱ्यावर गंज तिथूनच फुटतो. 1960 च्या दशकात अख्खी बॉडी प्रायमरच्या हौदात बुडवून विजेने थर चढवू लागले, तेव्हा कुठे आतला पत्रा झाकला गेला.

गॅरेजात हौद कुठला? म्हणून टेम्पो रंगाला देताना आम्ही आधी विचारतो, दरवाजाची खालची कड आतून खरवडणार का? भाव नंतर.