पाण्यातून पुन्हा होडीत

फ्रेंच वैद्य आलां बोंबार यांनी १९५२ साली हवा भरलेल्या रबरी होडीतून एकट्याने अटलांटिक महासागर पार केला. त्या प्रवासात, पाण्यात पडलेली एक उशी आणावी म्हणून त्यांनी उडी घेतली असता, वाऱ्याने होडी इतकी झपाट्याने दूर नेली की पट्टीच्या पोहणाऱ्या त्या पुरुषालाही ती गाठता येईना. सुदैवाने तिचा सागरी नांगर, जो छत्रीसारखा पाण्यात उघडून होडीस थोपवितो, वेळेवर उघडला आणि त्यांचे प्राण वाचले.

परंतु होडी हाताशी आली म्हणजे संकट सरले असे नव्हे. होडीचा काठ असलेल्या हवा भरलेल्या वर्तुळाकार नळीस ओल्या हातांची पकड मिळत नाही. तिचा खालचा भाग आत वळलेला असल्याने पाय होडीखाली ओढले जातात. आणि मनुष्य उभा लोंबकळत राहिला की देहाचा जो भाग पाण्याबाहेर येतो त्याचा सारा भार, जो तोवर पाण्याने पेललेला असतो, एकट्या बाहूंवर येऊन पडतो. बलदंड इसमही येथे हतबल होतो, तो याच कारणाने. म्हणून प्रथम पाय मागे झाडीत देह पाण्याच्या पृष्ठभागाशी समांतर आणावा, आणि मगच पायांचा जोरकस फटका व हातांची ओढ एकाच क्षणी साधून पोटावर आत घसरावे. लाइफ जॅकेट काठाला अडते हे खरे, तथापि ते पाण्यात उतरविण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. होडीत सोबती असल्यास त्याने समोरच्या बाजूस बसून तोल राखावा, आणि यंत्र असल्यास ते आधी बंद करावे, कारण फिरत्या पंख्याजवळ पाय नेणे प्राणघातक होय.

एकट्या माणसासाठी दोराच्या फासाची पायरी हा उत्तम बंदोबस्त आहे. नुसता मऊ दोर मात्र पायासकट होडीखाली जातो. म्हणून त्या फासात कडक नळीचा तुकडा ओवावा. दुसरा गाठी मारलेला दोर पलीकडच्या काठास बांधून होडीवरून आडवा ठेवला, म्हणजे हातांना आधार मिळतो. ही तजवीज निघण्यापूर्वीच झालेली असावी, कारण थंड पाण्यात सुमारे १० मिनिटांत बोटे निकामी होऊ लागतात आणि मग गाठ मारणे दूरच, दोर धरणेही जमत नाही.

वाचकांपैकी कोणी अशी होडी बाळगीत असेल, तर त्याने किनाऱ्यालगत, पाय टेकणार नाहीत एवढ्या खोल पण शांत पाण्यात, सोबतीच्या देखरेखीखाली, अंगावर कपडे व जॅकेट ठेवूनच होडीत परत चढण्याचा सराव अवश्य करावा.