पिस्तुलाचा मुलामा आणि पोंभुर्ण्याची हवा

स्पर्धेच्या पिस्तुलाला नव्याने मुलामा द्यायचे ठरले की पहिली चर्चा रंगाची होते. काळे ठेवावे, चंदेरी करावे, की आजकाल दिसते तसे राखाडी? चंद्रपूर जिल्ह्यातल्या पोंभुर्ण्यासारख्या ठिकाणी हा प्रश्न सर्वांत शेवटी यावा. आधी हवा पाहावी. वैनगंगेचे खोरे, सभोवती जंगल, धानाच्या बांध्या, जुने मामा तलाव आणि वर्षाकाठी साधारण १२०० मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. त्याआधी मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि मूठ धरलेला हात घामाने निथळतो. म्हणजे दोन महिने घाम आणि चार महिने ओल. कापणीनंतर भिंतीत खोचून ठेवलेला विळा इथे एका पावसाळ्यात तांबूस होतो. पिस्तुलाचे पोलादही त्याच हवेत राहते.

हवेतली आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की उघड्या लोखंडावर गंज झपाट्याने धरू लागतो. घामातले मीठ त्याला आणखी हातभार लावते. मिठातला क्लोराइड पोलादाला वरवर खात नाही, तो एका जागी खोल खड्डा पाडतो. काही जणांचा घाम इतका तिखट असतो की एका सरावात स्लाइडवर, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागावर, बोटांचे ठसे उमटतात. ते ठसे तेलाने पुसून जात नाहीत, कारण तिथला धातू आधीच खाल्ला गेलेला असतो. आणि गंज दिसतो तिथे सुरू होतो, असेही नाही. लाकडी मुठीच्या आत, जिथे घाम झिरपतो पण हात पोहोचत नाही, तिथे तो आधी बसतो. पिस्तूल मुलाम्याला देण्याआधी मूठ काढून आतली चौकट पाहावी. खरी परिस्थिती तिथेच कळते.

आपल्याकडे पिस्तुलाचे नाव निघाले की कोल्हापूरच्या नेमबाज राही सरनोबत आठवतात. २०१३ मध्ये चांगवॉनच्या विश्वचषकात आणि २०१८ मध्ये जकार्ता-पालेमबांगच्या आशियाई स्पर्धेत त्यांनी २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले. या प्रकारात .२२ बोअरचे पिस्तूल लागते आणि पात्रता फेरीत ६० गोळ्या झाडाव्या लागतात. ३० अचूकतेच्या, ३० वेगाच्या. सराव त्याच्या कितीतरी पट, शिवाय गोळी न भरता केलेला कोरडा सराव वेगळा. बैठकीत काचेआड ठेवलेल्या शस्त्राचा मुलामा आणि रोज हातात असलेल्या शस्त्राचा मुलामा यांना एकाच मापाने मोजता येत नाही. शोभेचे शस्त्र हवेने गंजते. स्पर्धेचे पिस्तूल हात, ठेवायची पेटी (केस) आणि साफसफाई या तिन्हींनी झिजते.

आता पर्याय. सर्वांत जुना म्हणजे ब्लूइंग. पोलादाच्या पृष्ठभागावर काळ्या लोह-ऑक्साइडचा थर बनवणे एवढेच ते. उष्ण पद्धतीत कॉस्टिक सोडा आणि नायट्रेट क्षारांच्या सुमारे १४० अंशांच्या द्रावणात भाग बुडवतात. रंग देखणा येतो, पण थर जेमतेम एक मायक्रॉनचा आणि सच्छिद्र. त्यात तेल असेल तोवर तो रक्षण करतो. तेल घामाने धुतले गेले की संपले. जर्मन किंवा इटालियन पिस्तुलावरचे मूळ ब्लूइंग पाहून हुरळून जाणारे पुष्कळ भेटतात. चंद्रपुरात मात्र ते रोज पुसणाऱ्याच्याच हाती टिकेल.

फॉस्फेटचा थर, ज्याला पार्करायझिंग म्हणतात, तो जाड आणि खरबरीत असतो आणि तेल चांगले धरून ठेवतो. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी शस्त्रांवर तो सर्रास असे. दिसायला रांगडा, पण वर सिरॅमिकचा लेप द्यायचा असेल तर पायाभरणी म्हणून उत्तम. सेराकोटसारखे लेप सिरॅमिक आणि पॉलिमरचे असतात. बंदुकीसाठीचा नेहमीचा प्रकार फवारून सुमारे १२० अंशांवर भाजतात आणि थर साधारण २५ मायक्रॉनचा बसतो. गंजाला तो उत्तम अडवतो. पोलादावर पोलाद घासते तिथे मात्र तो झिजतो आणि सुरुवातीला घट्टही बसतो. स्लाइडच्या बाहेरच्या अंगाला तो शोभतो, ती चौकटीवर सरकते त्या खाचेत नाही.

हार्ड क्रोमचे चाहते जास्त, आणि त्याला कारणही आहे. कठीणपणा रॉकवेल मापावर ७० च्या आसपास, त्यामुळे घासाघासीला तो दाद देत नाही. पण त्याच्या थरात डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक भेगा असतात आणि खारट घामाला तेवढी वाट पुरते. क्रोम चकचकीत आहे म्हणजे गंजणार नाही, हा समज मला पोंभुर्ण्याच्या हवेत धोक्याचा वाटतो. शिवाय क्रोम विजेच्या प्रवाहाने बसते आणि प्रवाह कडांवर जास्त एकवटतो, म्हणून कडांवर थर जाड आणि खाचेत पातळ होतो. विजेशिवाय, नुसत्या रासायनिक क्रियेने चढणारे निकेल सर्वत्र सारख्या जाडीने बसते. त्यात फॉस्फरसचे प्रमाण दहा टक्क्यांहून अधिक ठेवले तर थर जवळजवळ छिद्ररहित होतो आणि मिठाला चांगला पुरून उरतो. हे निकेल ४०० अंशांवर तापवून आणखी कठीण करता येते, पण तसे केले की गंजरोधक गुण कमी होतो. कठीणपणा आणि गंजरोध यांतले एक निवडावे लागते, आणि इथे मी गंजरोध निवडीन.

नायट्रायडिंगला थर म्हणणे चूक. त्यात नायट्रोजन पोलादातच शिरवतात, म्हणून सोलून निघायला काही नसते, मापही फारसे बदलत नाही. ग्लॉक पिस्तुलांनी ही पद्धत जगभर गाजवली. अडचण एकच: सुमारे ५५० ते ५८० अंशांचे तापमान. मूळ पोलाद कोणते आणि त्याला कोणत्या तापमानाचे पाणी दिलेले आहे, हे माहीत नसताना जुने पिस्तूल त्या भट्टीत घालणे म्हणजे जुगार.

स्पर्धेच्या पिस्तुलात मुलाम्याची जाडी हा खरा कळीचा मुद्दा. चौकटीच्या खाचेत एका बाजूला दहा मायक्रॉन चढले की दोन्ही बाजू मिळून वीस झाले. स्लाइडवरही तेवढेच चढले तर एकंदर सैलपणा चाळीस मायक्रॉननी घटतो. चांगल्या जुळणीत तेवढी जागाच नसते. त्याहून नाजूक ट्रिगरचे पृष्ठभाग. २५ मीटर पिस्तुलात ट्रिगरने किमान १००० ग्रॅम वजन उचलले पाहिजे, हवेच्या पिस्तुलात ५०० ग्रॅम, आणि हे स्पर्धेआधी वजन लावून तपासतात. एकमेकांना अडकणाऱ्या त्या दोन कडांवर मुलामा चढला तर ओढ बदलते, झिजू लागला की पुन्हा बदलते. त्या भागांना मुलामा द्यायचाच नाही. स्प्रिंगांनाही नाही: विद्युत मुलाम्यात कठीण पोलादात हायड्रोजन शिरतो आणि ते ठिसूळ होते. त्यावर उपाय म्हणून मुलाम्यानंतर चार तासांच्या आत भाग सुमारे १९० अंशांवर कित्येक तास भाजतात. कारखानदार हे न विचारता करत असेल तर माणूस जाणता आहे असे समजावे.

चौकट ॲल्युमिनियमची असेल, आणि आजच्या अनेक पिस्तुलांत ती असते, तर सगळा हिशेब उलटतो. कॉस्टिक सोड्याचे ब्लूइंगचे द्रावण ॲल्युमिनियम अक्षरशः विरघळवते. मूळ ॲनोडायझिंग, म्हणजे ॲल्युमिनियमवर विजेच्या साहाय्याने बनवलेला ऑक्साइडचा थर, उतरवून पुन्हा करता येते, पण उतरवताना धातूही जातो आणि खाचा सैल होतात. झिजलेल्या ॲनोडायझिंगवर सिरॅमिक लेप देणे हाच शहाणपणाचा मार्ग. हवेच्या पिस्तुलाची टाकी तर भट्टीत अजिबात जाऊ नये. तिच्यात २०० बारपर्यंतचा दाब असतो आणि उष्णतेने ॲल्युमिनियमचे मिश्रधातू मऊ पडतात. काही उत्पादक अशा टाक्यांना दहा वर्षांची मुदत घालून देतात. ती संपली की टाकी नवीन घ्यावी, रंगवू नये.

चंदेरी पिस्तुलाबद्दल एक गोष्ट नेमबाज लगेच ओळखतील. मागचे आणि पुढचे साइट काळे आणि निस्तेज हवे, नाहीतर उन्हात कडा चमकून निशाणा सरकतो. म्हणून बाकीचे पिस्तूल निकेलचे करा, साइट मात्र काळेच ठेवा.

मुठीचा विचार विदर्भातल्या माणसाला सोपा जावा. स्पर्धेच्या मुठी बहुधा अक्रोडाच्या असतात, वर हाताला पकड मिळावी म्हणून टोचून खरबरीत केलेल्या. त्यांना जवसाचे तेल देण्याची पद्धत जुनी आहे, आणि जवस आपल्याकडे चटणीपुरते का होईना, घरोघरी असते. पण खायचे कच्चे तेल वाळायला फार दिवस घेते. सुतारकामाचे उकळलेले तेल घ्यावे, अगदी पातळ हात द्यावा आणि वाळल्यावरच दुसरा. ते लाकडाला ओल पूर्ण अडवत नाही, दर मोसमात पुन्हा द्यावे लागते. चकचकीत वार्निशपेक्षा तरीही बरे, कारण वार्निशवर घामाचा हात घसरतो. तेलाने भिजलेली चिंधी चुरगाळून टाकू नये. ती आपोआप तापून पेट घेऊ शकते. उघड्यावर पसरून वाळवावी.

मुलाम्याने देखभालीची सुटी मिळत नाही. वातानुकूलित हॉलमधून थंड पिस्तूल बाहेरच्या दमट हवेत आणले की त्यावर लगेच पाणी सुटते. केस बंद ठेवून ते बाहेरच्या तापमानाला येऊ द्यावे. फोमच्या केसमध्ये महिनाभर कोंडून ठेवलेले पिस्तूल फोमच्या ओलीनेच गंजते. निकेलच्या खाली तांब्याचा थर असेल तर अमोनियायुक्त द्रावणाने नळी साफ करताना ते निकेलवर सांडू देऊ नये. ते खालच्या तांब्याला खाते आणि वरचे निकेल सोलून निघते.

कायदा इथे विसरून भागणार नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय बंदुकीची दुरुस्ती करता येत नाही, म्हणून पिस्तूल मोटारीच्या क्रोमवाल्याकडे टाकून येणे कायद्यात बसत नाही. कलम ८ ओळखखूण खोडणे किंवा बदलणे यावर आहे. मुलाम्याआधी घासकाम होते आणि अक्षरे पुसट होण्याची भीती तिथेच असते. खोडलेला क्रमांक ज्याच्याकडे सापडेल त्यानेच तो खोडला, असे कायदा गृहीत धरतो. ठरावीक ताकदीखालच्या .१७७ बोअरच्या हवेच्या पिस्तुलाला परवाना लागत नाही. .२२ ला मात्र लागतो.

माझा निर्णय असा: पोलादी चौकटीला आणि स्लाइडला निस्तेज, फॉस्फरसयुक्त निकेल, खाचांत मावेल एवढे पातळ. ॲल्युमिनियम शक्यतो जसेच्या तसे, फार झिजले तर सिरॅमिक. ट्रिगर आणि स्प्रिंग कोरे. देण्याआधी क्रमांकाचे स्पष्ट फोटो काढा, परवानाधारक कारागिराकडून मायक्रॉनमधली जाडी पावतीवर लिहून घ्या आणि क्रमांकाची जागा झाकूनच घासायला सांगा.