रिमोटवरचा आकडा आणि कर्जतची रात्र

मार्चमध्ये कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात दुपारचा पारा चाळिशीला टेकतो. अलिबागला समुद्राचा वारा वेळेवर पोचतो. आपल्याकडे तो येईपर्यंत जमिनीवरून येणारे पूर्वेचे कोरडे वारे सगळं भाजून काढतात. पण कोरडी हवा जशी तापते तशीच निवतेही भराभर. पहाटे अंगावर चादर ओढावी लागते, आणि तरी एसी रात्रभर १८ वरच चालू असतो. बिल फुगतं ते या पहाटेच्या तासांत.

रिमोटवरचा आकडा म्हणजे थर्मोस्टॅटला दिलेला निरोप: खोली इतकी निवली की थांब. १६ लावलं की खोली लवकर गार होते, असं पुष्कळांना वाटतं. साध्या एसीचा कॉम्प्रेसर चालतो तेव्हा पूर्ण ताकदीनेच चालतो, सोळा लावा नाहीतर चोवीस. फरक इतकाच की चोविसावर तो थांबतो आणि सोळावर बहुधा थांबतच नाही, कारण चाळीस अंशांच्या दुपारी त्याला सोळा गाठणं जमत नाही. इन्व्हर्टर एसी वेग कमी-जास्त करतो, पण सोळाच्या मागे लागला की तोही धावतच राहतो. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या अंदाजाप्रमाणे एक अंश वर नेला की सुमारे ६ टक्के वीज वाचते. म्हणूनच जानेवारी २०२० पासून स्टार असलेल्या घरगुती एसीला कारखान्यातूनच २४ अंश लावून देण्याचा नियम आहे. महावितरणचा दर १०० युनिटनंतर आणि पुन्हा ३०० नंतर चढतो, तेव्हा वाचलेलं युनिट बहुतेक वेळा महागातलंच असतं.

थर्मोस्टॅटला मात्र खोलीतली हवा कळते, डोक्यावरचा स्लॅब कळत नाही. दिवसभर ऊन प्यायलेला स्लॅब रात्री दहापर्यंत खाली उष्णता सोडत राहतो. बाहेर छान वारा असतो आणि आत आपण त्या स्लॅबशी विजेने झुंजत असतो. मार्च-एप्रिलात मी आधी सगळ्या खिडक्या उघडून अर्धा तास पंखा लावते. मग खिडक्या बंद करून एसी २६ वर, सोबत पंखा मंद. वाऱ्यामुळे अंगाला दोन-तीन अंश कमीच वाटतात, आणि पंखा खातो जेमतेम पन्नास-साठ वॅट. दीड टनाचा एसी दीड हजाराच्या आसपास. टायमर दोन वाजताचा. त्यानंतरचं काम बाहेरची थंडी करते. टायमर नको वाटला तर स्लीप मोड लावा. तो रात्र चढेल तसा आकडा हळूहळू वर नेतो.

मे महिन्यात हे गणित बदलतं. हवेत दमटपणा येतो, रात्रही निवत नाही. तेव्हा टायमर पुढे ढकलावा लागतो. जूनच्या सुरुवातीच्या चिकचिकीत तर ड्राय मोड बरा, कारण त्रास तापमानापेक्षा ओलीचा जास्त असतो. वर्षभर एकच आकडा ठेवणं या भागाला चालत नाही.

डिसेंबर-जानेवारीत पाळी गिझरची. टाकीच्या गिझरमध्येही थर्मोस्टॅटच असतो. गिझरवरचा दिवा विझला म्हणजे पाणी तापलं. बटण चालूच ठेवलं की टाकी हळूहळू निवते, दिवा पुन्हा लागतो, पुन्हा विझतो, आणि कुणी आंघोळ न करता दिवसभर वीज जाते. २० लिटर पाणी २५ वरून ४० अंशांवर न्यायला साधारण एक तृतीयांश युनिट लागतं. आंघोळीची खरी किंमत तेवढीच. बाकी सगळी उगाच गरम ठेवलेल्या टाकीची.

वीज किती लागते याइतकंच ती कधी लागते हेही महत्त्वाचं. याच पट्ट्यात खोपोलीला टाटांचं जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झालं, भिवपुरीचं १९२२ मध्ये. घाटमाथ्यावर साठवलेलं पाणी हवं तेव्हा सोडून वीज करता येते. सूर्याच्या विजेचं तसं नाही. संध्याकाळी सातला ती संपलेली असते, आणि नेमके तेव्हाच घरोघरचे एसी सुरू होतात.

शनिवारी मुंबईहून फार्महाऊसवर याल तेव्हा आधी खिडक्या उघडा, मगच रिमोट हातात घ्या. आणि रविवारी निघताना गिझरचं बटण आठवणीने बंद करा. नाहीतर आठवडाभर रिकाम्या घरात तो पाणी तापवत राहतो.