अर्क केव्हा दिला?

पॅरासिटामॉल प्रमाणाबाहेर पोटात गेले, की यकृतातील विकर त्याच्या काही अंशाचे विषद्रव्य बनवतात. ग्लुटाथायोन ते निष्प्रभ करते. त्याचा साठा आटला, की पेशी मरू लागतात. कुटकी, भुईआवळा यांच्या अर्कांनी पांढऱ्या उंदरांची यकृते वाचल्याचे प्रयोग आपल्याकडे पुष्कळ झाले. असा शोधनिबंध हाती आला, की मी प्रथम पाहतो : अर्क केव्हा दिला? बहुधा विषबाधेपूर्वी, कित्येक दिवस. मग अर्काने कदाचित विकरांनाच रोखले असेल, विष तयारच झाले नसेल. त्याला यकृताची दुरुस्ती कसे म्हणावे? शिवाय रुग्ण येतो तो गोळ्या गिळून झाल्यावर! ग्लुटाथायोनची भरपाई करणारे अ‍ॅसिटिलसिस्टीन ८ तासांच्या आत मिळाल्यास यकृत सहसा वाचते. तेवढ्या वेळात काढा उकळत बसणे मला तरी मान्य नाही.